कोस्तासेरा आमारोने: मनुकांचा वास, कोरडी चव

बाटली उघडल्यावर पहिला वास आला तो काळ्या मनुकांचा. पहिला घोट घेतला तेव्हा मात्र मनुकांची गोडी जिभेवर कुठेच नव्हती. होता तो भरीव, उबदार, कोरडा रस आणि त्याच्या शेवटी कडू बदाम दाताखाली यावा तसा बारीक कडवटपणा. नाकाने एक सांगावे, जिभेने दुसरे सांगावे आणि तरीही दोघांचे सांगणे एकमेकांशी जुळावे, हा आमारोने या वाइनचा स्वभाव आहे. इटलीच्या उत्तर भागात वेरोना शहराला लागून असलेल्या वालपोलिचेल्ला या टेकड्यांच्या प्रदेशात ती तयार होते. परीक्षणासाठी निवडलेली बाटली मासी या जुन्या घराण्याची ‘कोस्तासेरा’ असून ती २०१६ च्या हंगामाची आहे. डिसेंबरातल्या लागोपाठच्या तीन संध्याकाळी, पुण्यातल्या घरी, रोज थोडी थोडी ओतून आणि दर वेळी वहीत नोंद करून मग हे लिहायला बसलो, कारण इतक्या जड आणि इतक्या महाग वाइनविषयी पहिल्या प्याल्यावरून मत देणे मला योग्य वाटत नाही.

आमारोने ही एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन नाही. ती मिश्रणाची वाइन आहे आणि त्या मिश्रणात कोण काय काम करते हे कळले, की चव आपोआप उलगडू लागते. कोस्तासेरामध्ये ७० टक्के कोर्विना, २५ टक्के रोंदिनेल्ला आणि ५ टक्के मोलिनारा ही द्राक्षे असतात. कोर्विना ही घरची कर्ती बाई म्हणावी अशी आहे: चेरीचा वास तिचा, जिवंत आंबटपणा तिचा आणि शेवटचा कडू बदामही तिचाच. तिची साल जाड असल्यामुळे ती वाळवण सोसते. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला तिची आणखी एक खोड लगेच समजेल, ती म्हणजे काडीच्या बुंध्याकडच्या पहिल्या काही डोळ्यांना तिला फळ धरत नाही, म्हणून छाटणीत काडी लांब राखावी लागते आणि म्हणूनच त्या भागात पूर्वापार मांडवावर वेल चढवण्याची पद्धत रुजली. रोंदिनेल्ला ही भरवशाची. रोगाला सहसा बळी न पडणारी, वाळवताना न सडणारी, रंगाला हातभार लावणारी, पण स्वतः फारसे न बोलणारी. मोलिनाराच्या मण्यांवर पांढुरका थर इतका दाट असतो की त्यावर कोणी पीठ भुरभुरले असावे असे वाटते आणि तिचे नावही पिठाच्या गिरणीवरूनच आले आहे. तिचा रंग फिका आणि अंग हलके, त्यामुळे २००३ पासून नियमाने ती मिश्रणात असणे बंधनकारक राहिलेले नाही आणि अनेक उत्पादकांनी तिला निरोप दिला आहे. मासीने ती ५ टक्के का होईना राखली, हे मला आवडले. त्या ५ टक्क्यांमुळे घोटाच्या मधोमध किंचित खारट अशी एक झाक राहते, असे मला तिन्ही दिवस जाणवले आणि एवढ्या दाट वाइनमध्ये ती झाक तोंड ताजे ठेवते.

मात्र आमारोनेची खरी ओळख द्राक्षांच्या जातींपेक्षा त्यांच्या वाळवणात आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला घड तोडले जातात, पण ते लगेच चिरडले जात नाहीत. ते हवेशीर माळ्यांवर, बांबूच्या चटयांवर किंवा उथळ पेट्यांमध्ये एका थरात पसरून तीन ते चार महिने ठेवले जातात. या वाळवणीला तिथे ‘अप्पास्सिमेंतो’ म्हणतात, बांबूच्या चटयांना ‘आरेले’ आणि ज्या माळ्यावर हे सारे चालते त्याला ‘फ्रुत्तायो’. या काळात घडाचे वजन साधारण एक तृतीयांशाने घटते, कधी त्याहूनही अधिक. साखर, रंग, तुरटपणा आणि आंबटपणा उरलेल्या थोड्या रसात एकवटतात. नियमानुसार १ डिसेंबरपूर्वी ही द्राक्षे चिरडता येत नाहीत. त्यानंतर ऐन थंडीत ती हळूहळू आंबत राहतात आणि यीस्टने जवळजवळ सारी साखर खाऊन टाकेपर्यंत अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पुढे किमान दोन वर्षे मुरवणे सक्तीचे असते आणि ‘रिझेर्वा’ म्हणवणाऱ्या बाटलीला चार.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमध्ये वालपोलिचेल्लातल्या फुमाने गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका लहान कुटुंबाचा फ्रुत्तायो मला पाहायला मिळाला होता. लाकडी जिना चढून वर गेलो तर दोन्ही बाजूंच्या खिडक्या सताड उघड्या, मधून थंड वारा आणि जमिनीपासून छतापर्यंत एकावर एक रचलेल्या चटया. वास मद्याचा नव्हता. सुकत चाललेल्या फळांचा आणि किंचित मधाचा होता. घरच्या आजीबाई एकेका घडावर हात फिरवत होत्या आणि जिथे मणी फुटलेला किंवा ओला दिसे, तिथून तो लहान कात्रीने काढून टाकत होत्या, कारण एका फुटलेल्या मण्याची बुरशी शेजारच्या दहा मण्यांना लागते. त्यांनी एक मणी माझ्या तळहातावर ठेवला. साल आक्रसून चामड्यासारखी झाली होती, आतला गर मुरंब्याएवढा घट्ट होता आणि बी चावली तर ती हिरवी-कडू न लागता भाजलेल्या दाण्यासारखी कुरकुरीत लागली. त्या एका मण्यात मनुका होता, पण आंबटपणा अजून शाबूत होता. पुण्यातल्या प्याल्यात मला जे सापडले, त्याचे मूळ त्या मण्यात होते.

वाळवण हा शब्द ऐकला की मराठी माणसाला तासगाव आठवणारच आणि ही तुलना मला बरीच उपयोगाची वाटली. माझ्या बहिणीचे यजमान तासगावजवळ बेदाण्याचा व्यवसाय करतात आणि तिन्ही संध्याकाळी ते आमच्याकडे होते. बेदाणा करताना घडांवर डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटचे द्रावण फवारले जाते किंवा घड त्यात बुडवले जातात. त्यामुळे सालीवरचा मेणचट थर विरतो आणि फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत शेडमधल्या जाळ्यांवर साधारण दोन आठवड्यांत माल तयार होतो. चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा, हा त्यांचा ढोबळ हिशेब. वालपोलिचेल्लात याच्या नेमके उलट चालते: थर काढायचा नाही, साल अभंग राखायची, पाण्याला शक्य तितके हळू जाऊ द्यायचे आणि मणी पुरता सुकण्याच्या आत थांबायचे. तोडल्यावरही मणी काही काळ जिवंत असतो, श्वास घेतो, आतल्या आत बदलत राहतो आणि त्या बदलाला वेळ मिळावा म्हणूनच तीन महिने खर्ची घातले जातात. दाजींनी पहिला प्याला नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, “वास तर आमच्या शेडचा हाय पाव्हणं, पन साखर गेली कुटं?” या वाइनविषयी याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातही आहे. वेरोनाच्या परिसरात सुकवलेल्या द्राक्षांची वाइन फार जुनी आहे. सहाव्या शतकात गॉथ राजांच्या दरबारी मंत्री असलेल्या कासिओडोरसने राजाच्या मेजवानीसाठी अशी दाट वाइन मिळवण्याविषयी पत्र लिहिले होते. पण ती गोड होती. तिचे आजचे रूप म्हणजे ‘रेचोतो’. ‘रेचे’ म्हणजे तिथल्या बोलीत कान. घडाच्या वरच्या बाजूला कानांसारखे फुटलेले आणि ऊन अधिक खाल्लेले भाग तेवढे निवडून ती करत, म्हणून हे नाव. रेचोतोमध्ये किण्वन मध्येच थांबते आणि साखर शिल्लक राहते. ते थांबले नाही तर यीस्ट साखर संपवते आणि कोरडी, कडसर वाइन उरते. वालपोलिचेल्लातल्याच नेग्रार गावच्या सहकारी वाइन कारखान्यात १९३६ मध्ये रेचोतोचे एक पीप असेच विसरले गेले आणि ते उघडल्यावर तळघराचा प्रमुख अदेलिनो लुक्केझे याच्या तोंडून ‘हा नुसता आमारो नाही, हा आमारोने आहे’ असे उद्गार निघाले, असे तिथे सांगितले जाते. ‘आमारो’ म्हणजे कडू आणि पुढचा प्रत्यय थोरपणाचा. आपल्या भाषेत ‘थोरला कडू’ म्हणता येईल. १९५० च्या दशकात ही वाइन बाजारात रीतसर येऊ लागली, १९६८ मध्ये वालपोलिचेल्लाला संरक्षित नाव मिळाले आणि २०१० मध्ये आमारोनेला इटलीतला सर्वोच्च दर्जा लाभला. बाटलीच्या गळ्याशी असलेली क्रमांकित सरकारी पट्टी हे त्याचे दृश्य चिन्ह आहे आणि खरेदी करताना ती अवश्य पाहावी.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे वळतो.

पहिल्या संध्याकाळी मी वाइन मुद्दाम डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून वापरतात त्या रुंद काचपात्रात, ओतली नाही, बाटलीतून थेट प्याल्यात घेतली. रंग गडद माणकासारखा; प्याला पांढऱ्या कागदावर तिरपा धरल्यावर कडेला विटकरी छटा दिसू लागली होती, जी या वयाला शोभणारी आहे. प्याला फिरवल्यावर काचेवरून उतरणारे ओघळ संथ आणि जाड होते. पहिली दहा मिनिटे वास बंदिस्त वाटला. मनुका आणि आळूबुखार स्पष्ट होते, पण अल्कोहोलची ऊब नाकाला आधी लागत होती आणि बाकीचे तिच्या मागे उभे होते. या टप्प्यावर मत द्यायचे असते तर मी ‘दमदार, पण एकसुरी’ असे लिहिले असते. अर्ध्या तासाने तीच वाइन वेगळी झाली. आधी शिजवलेल्या चेरीचा वास वर आला, मग कोको, मग कॉफीची भाजकी छटा आणि या सगळ्याखाली सुकलेल्या तंबाखूच्या पानासारखे काहीतरी मातकट. तोंडात ती रेशमी लागते. तुरटपणा आहे, पण तो जांभळासारखा जीभ आकसून टाकणारा नाही, हिरड्यांच्या कडेला बारीक भुकटीसारखा बसणारा आहे. आंबटपणा मला अपेक्षेहून अधिक मिळाला आणि माझ्या लेखी तोच या बाटलीचा सर्वांत मोठा गुण आहे. आमसूल जसे दाट आमटीला उचलून धरते, तसे काम तो इथे करतो.

दुसऱ्या संध्याकाळी, चोवीस तास हवा लागल्यावर, वाइन तिच्या सर्वोत्तम अवस्थेत होती असे मी आणि घरातल्या सगळ्यांनी एकमुखाने ठरवले. अल्कोहोल आता वेगळा जाणवत नव्हता. जायफळाची आणि सुक्या अंजिराची एक नवी छटा आली होती. घोट गिळल्यानंतर चव किती वेळ टिकते हे मी घड्याळ लावून पाहिले: फळ विसाव्या सेकंदाला मावळते, कोको त्याच्या थोडा पुढे जातो आणि पाऊण मिनिटाच्या सुमारास फक्त कडू बदाम उरतो. तो कडवटपणा तोंड स्वच्छ करून पुढच्या घोटाची इच्छा जागवतो. तिसऱ्या दिवशी फळ थोडे मागे सरले आणि कातड्याचा, जुन्या लाकडी कपाटाचा वास पुढे आला. मला तोही आवडला, पण पत्नीच्या मते वाइन थकली होती आणि तिचे म्हणणे निराधार नव्हते. बाटली दोन दिवसांत संपवावी, हे आमचे एकमत.

समृद्ध वाइन म्हणजे गोड वाइन किंवा लाकडाच्या वासाने भारलेली वाइन, असा समज आपल्याकडेच नव्हे, इटलीबाहेर सर्वत्र आहे आणि आमारोनेच्या काही बाटल्या त्या समजाला खतपाणी घालतात. कायद्याने तिच्यात लिटरमागे काही ग्रॅम साखर राहू दिली आहे. ती साखर आंबटपणाने तोलली गेली नाही, तर वाइन काकवीसारखी चिकट आणि दोन घोटांत कंटाळा आणणारी होते. नव्या, लहान ओकच्या पिंपांचा अतिरेक झाला तर व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास द्राक्षाला झाकतो. कोस्तासेरा या दोन्ही खड्ड्यांपासून दूर राहते. ती सुमारे दोन वर्षे मुख्यतः मोठ्या पिंपांत मुरते आणि मोठ्या पिंपात वाइनचा लाकडाशी संबंध कमी येत असल्यामुळे लाकूड पाठीमागे राहते. नव्या ओकचा आणि प्रचंड घनतेचा आग्रह धरणारी दाल फोर्नो रोमानो या उत्पादकासारखी शैलीही याच प्रदेशात आहे आणि तिचे चाहते मोठे आहेत. पण मला ज्या आमारोनेत द्राक्षाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो, ती अधिक जवळची वाटते. कोस्तासेराच्या मऊपणाला आणखी एक कारण दिले जाते. वाळवणीच्या काळात कोर्विनाच्या काही मण्यांवर एक उपकारक बुरशी धरते, तिच्यामुळे ग्लिसरॉल वाढते आणि वाइन तोंडात गुळगुळीत लागते. ‘कोस्तासेरा’ या नावाचा अर्थ संध्याकाळचा उतार. गार्दा सरोवराच्या दिशेला तोंड करून मावळतीचे ऊन घेणाऱ्या उतारांवरची ही द्राक्षे आहेत. सरोवराच्या पाण्यामुळे तिथली थंडी बोचरी होत नाही, आणि पाण्यावरून परतणारा प्रकाशही वेलींना मिळतो.

तिचा एक मर्यादित दोष सांगायचा तर तो तिच्या ताकदीचा आहे. १५ टक्के म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ११२ मिलिलिटरहून थोडे अधिक शुद्ध अल्कोहोल. साध्या १२ टक्क्यांच्या वाइनमध्ये तो ९० असतो. चव इतकी मऊ आहे की हा फरक पिताना लक्षात येत नाही, उठताना येतो. एका वेळी १०० मिलिलिटर पुरेसे आहे आणि एक बाटली चार-पाच जणांत उघडावी. ही तहान भागवणारी किंवा गप्पांच्या ओघात संपणारी वाइन नव्हे.

जेवणाशी तिची जोडी जमवताना मी एक चूक केली आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी दाजींच्या आग्रहाखातर तांबडा रस्सा केला होता. मिरचीची आग आणि १५ टक्के अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. तोंडात नुसता जाळ झाला, फळ पूर्ण नाहीसे झाले आणि कडवटपणा अंगावर आला. रस्सा उत्तम होता, वाइनही उत्तम होती, पण दोघांना एका ताटात बसवणे चुकीचे होते. दुसऱ्या दिवशी मटण मंद आचेवर तीन तास शिजवले. भाजलेले सुके खोबरे, कांदा, दगडफूल, मिरे आणि थोडी जायपत्री एवढेच वाटण, लाल तिखट नावापुरते. या वेळी जोडी जमली. भाजलेल्या खोबऱ्याचा खमंगपणा आणि वाइनमधला कोको एकमेकांत मिसळले आणि मटणाच्या चरबीने तुरटपणा आणखी मऊ केला. वेरोनात हिच्यासोबत मंद शिजवलेले मांस खातात, तसेच जवळच्या इझोला देल्ला स्काला परिसरात पिकणाऱ्या व्हियालोने नानो तांदळाचा आमारोने घालून केलेला रिझोत्तो खातात. तो तांदूळ आखूड आणि जाड असतो, रस पिऊन घेतो पण मोडत नाही. जांभळट रंगाचा तो गरम भात मी तिथे खाल्ला होता आणि त्याची चव अजून जिभेवर आहे. मांसाला पर्याय हवा असेल त्यांनी दीर्घ मुरवलेले पार्मिजानो चीज आणि अक्रोड घेऊन बसावे. मला वैयक्तिकरीत्या हीच जोडी सर्वांत अधिक भावली, कारण चीजचा खारटपणा वाइनमधले फळ उजळून टाकतो.

तापमानाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या हवेत निम्म्या बाटल्यांची चव इथेच बिघडते. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हे वाक्य युरोपातल्या थंड दगडी घरांतून आले आहे. पुण्यातली खोली डिसेंबरातही २३ अंशांवर असते आणि एप्रिलमध्ये ३२ वर. आमारोने १८ ते २० अंशांना द्यावी. त्याहून गरम झाली की अल्कोहोल नाकात चढतो आणि वाइन ढिली पडते. दुसऱ्या संध्याकाळी मी बाटली वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली, मग डिकँटरमध्ये ओतून तासभर थांबलो. याहून वेगळे काही करावे लागले नाही. प्याला मोठ्या पोटाचा असावा आणि एक तृतीयांशाहून अधिक भरू नये.

बाटली कुठून घ्यायची हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी इथल्याच एका दुकानातून दुसऱ्या एका उत्पादकाची आमारोने घेतली होती. ती काचेच्या कपाटात, रस्त्याकडून येणाऱ्या उन्हात, उभी मांडलेली होती आणि मी ते पाहूनही दुर्लक्ष केले. घरी आल्यावर बूच किंचित वर सरकलेले दिसले, वेष्टनाखाली चिकट डाग होता आणि प्याल्यात करपलेल्या मनुकांशिवाय काही नव्हते. दुकानदाराने ती परत घेतली नाही. उत्पादकाचा त्यात काहीही दोष नव्हता; चांगली वाइन साठवणुकीत मेली होती. तेव्हापासून मी बूच बाटलीच्या तोंडाशी सपाट आहे ना, बाटली आडवी आणि थंड जागी ठेवलेली आहे ना, हे पाहिल्याशिवाय महाग बाटली घेत नाही, आणि वाचकांनीही दुकानदाराला हे विचारण्यात संकोच करू नये.

किमतीचे गणित असे आहे. एका आमारोनेच्या बाटलीसाठी सुमारे दोन किलो ताजी द्राक्षे लागतात, तर साध्या वाइनच्या बाटलीला किलोभराहून थोडी अधिक पुरतात. त्यात माळ्याची जागा, तीन महिन्यांची राखण, हाताने केलेली निवड आणि काही वर्षांचे मुरवणे मिळवले, तर वेरोनात तिला चाळीस-पन्नास युरो पडतात हे अवाजवी वाटत नाही. भारतात मात्र वाइनवरचे मूळ आयातशुल्क वर्षानुवर्षे १५० टक्के राहिले आणि त्यावर राज्याचे कर, त्यामुळे इथल्या किमतीत तीच वाइन सणासुदीचीच होते. मी माझ्या दोन बाटल्या वेरोनातून सामानात गुंडाळून आणल्या. परदेशातून परतणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते आणि तिकडे जाणाऱ्यांनी त्या सवलतीत दुसरे काही भरण्याऐवजी ही भरावी असे मी आग्रहाने सांगेन.

तेवढा खर्च करायचा नसेल, तर याच घराण्याची ‘काम्पोफियोरीन’ पाहावी. १९६४ पासून निघणारी ही वाइन आमारोनेच्या धर्तीवर, पण हलक्या हाताने केलेली आहे. मनुकांचा वास तिच्यात आहे, ती पातळ आहे आणि रोजच्या जेवणाशी अधिक सहज बसते. ‘रिपास्सो’ लिहिलेल्या इतर उत्पादकांच्या बाटल्याही त्याच मार्गाच्या. आमारोने गाळून उरलेल्या चोथ्यावर साधी वालपोलिचेल्ला पुन्हा आंबवली की तिला त्या चोथ्याचा रंग आणि अंग मिळते. आणि इटालियन धाटणीचे लाल मिश्रण आपल्या मातीत कसे होते हे पाहायचे असेल, तर अकलूजजवळच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ चाखावी. ती सांजोव्हेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांची, इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या वळणाची वाइन आहे. आमारोनेशी तिची तुलना करू नये, कारण वाळवण तिच्यात नाही. पण सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात सांजोव्हेझेचा आंबटपणा टिकवणे ही लहान गोष्ट नाही.

कोस्तासेरा २०१६ ला मी दहापैकी साडेआठ गुण देतो. अर्धा गुण पहिल्या अर्ध्या तासातल्या बंदपणासाठी आणि एक गुण, याच प्रदेशात याहून खोल आमारोने आहेत हे ठाऊक असल्यामुळे, राखून ठेवला आहे. दाजींनी गुण दिले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी रिकाम्या प्याल्याचा वास घेतला, तळाशी उरलेल्या थेंबाला बोट लावून जिभेवर ठेवले आणि पुढच्या हंगामात चार घड औषध न लावता शेडच्या सावलीत टांगून ठेवतो, किती दिवसांनी काय होते बघू, असे म्हणाले. दुसरी बाटली मी १४ अंशांच्या कपाटात आडवी ठेवली आहे. ती २०३० च्या डिसेंबरात उघडायची आहे आणि तेव्हा मनुका किती उरतो यापेक्षा तो शेवटचा कडू बदाम किती उरतो, याची मला अधिक उत्सुकता आहे.